चौकोनाचा कर्ण

चौरस, आयत, समांतरभुज चौकोन, समलंब चौकोन यांची लक्षणे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली असल्यामुळे त्यांच्या उजळणीत मी आपला वेळ घेणार नाही. मला सांगावयाचे आहे ते इतकेच की, चार बाजू ठाऊक झाल्याने चौकोन ठाऊक होत नाही.

आमच्या हरिहरेश्वरास पोफळीच्या वाडीत शिरताना जे बेडे, म्हणजे दांड्यांचे फाटक, लागते, त्याची चौकट जरा निरखून पाहावी. बांधणी सैल झाली, की ते एका अंगास कलते, त्याचे काटकोन मोडतात, चौकटीच्या आतील जागा आकसते, आणि तरीही चारांपैकी एकही दांडा बोटभर लांब वा आखूड झालेला नसतो. मग वाडीवाला एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा दांडा ठोकतो. तोच कर्ण. त्याने बेड्याचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की आकार ठरतोच, म्हणून बेडे पुन्हा हलत नाही.

इ. स. ११५० मधील ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी, एखादा कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्यास पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्यास तर त्याहूनही अधिक! प्रत्येक बाजू २५ घ्या: कर्ण ३० व ४० असतील तर क्षेत्रफळ ६००, कर्ण १४ व ४८ असतील तर अवघे ३३६, आणि काटकोन असतील तर ६२५. बाजू त्याच, बेडे तेच, केवळ कलले.

हे ठाऊक असूनही खरेदीखताच्या वेळी आमची शहाणी माणसे समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात! चारही कोन काटकोन नसतील तर हा हिशेब खऱ्या क्षेत्रफळाहून नेहमी अधिकच भरतो, आणि घेणारा नसलेल्या जमिनीचे दाम मोजतो. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच या रीतीला स्थूल ठरवून वेगळी सूक्ष्म रीत दिली. मात्र तीही चारही कोपरे एका वर्तुळावर असतील तरच... परंतु तो विषय मोठा आहे आणि घड्याळ पुढे सरकते आहे.

म्हणून पुन्हा सांगतो, चार बाजू पुरेशा नाहीत. शिक्षकबंधूंनी मुलांकडून चार काड्यांची चौकट करवून ती त्यांच्याच हातांनी कलवून दाखवावी, आणि ज्यांना वाडीचा तुकडा घ्यावयाचा असेल त्यांनी दस्तऐवजावर सही करण्यापूर्वी बांधांबरोबर निदान एक कर्ण मोजून घ्यावा.