नाताळची पूर्वतयारी
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या शुभप्रसंगीं आमच्या वांट्याला जो विषय आला आहे, तो ऐकून कित्येकांस नवल वाटलें असेल. धर्मग्रामाच्या इतिहासावर बोलावयाचें सोडून हे फराळाचे डबे आणि खर्चाच्या याद्या काय घेऊन बसले, असेंही कोणाच्या मनांत आलें असेल. परंतु धर्मग्राम म्हणजे नुसतें दगडविटांचें मंदिर नव्हे. तो घराघरांचा बनलेला असतो. आणि ज्या सणाला घर सर्वांत अधिक प्रसन्न असावें, त्याच सणाला तें थकलेलें, चिडलेलें आणि कर्जांत बुडालेलें असेल, तर त्याचा विचार ह्या मांडवांत न झाला तर कोठें व्हावा?

२४ डिसेंबरच्या संध्याकाळीं आपल्या कोणत्याही वाडींतून एक फेरी मारून पाहावी. ओटीवर कागदी तारा उजळलेला असतो. अंगणांत गोठा सजलेला असतो. मुलें नवे कपडे घालून मिरवीत असतात. आणि आंत स्वयंपाकघरांत घरची गृहिणी घामानें डबडबून अजून नेवऱ्या तळीत असते. चार दिवस तिला पुरती झोप नाहीं. शिंप्यानें कपडे दिलेले नाहींत, पाव आणावयाचा राहिला आहे, पाहुण्यांच्या अंथरुणांची व्यवस्था व्हावयाची आहे. रात्रीं सर्वांच्या मागून ती मंदिरांत येते, आणि देवदूतांचें गौरवगीत सुरू होतें न होतें तोंच बाकावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागतो. जिच्या कष्टांवर सारा सण उभा, तिच्याच वांट्याला सण येत नाहीं!

ह्यांत दोष तिचा नव्हे. दोष रीतीचा आहे. जें महिन्याचें काम तें आपण चार दिवसांवर ढकलतों, आणि जें चौघांचें काम तें एकीवर टाकतों. ह्या दोन गोष्टी सुधारल्या तर नाताळची निम्मी दगदग आपोआप नाहींशी होईल, असें आमचें नम्र मत आहे.

संत लूकनें वर्णिलेली बेथलेहेमची रात्र आठवावी. शिरगणतीचा हुकूम, दूरचा प्रवास, परका गांव, आणि उतारशाळेंत जागा नाहीं. माणसाच्या हातीं नसलेलें सारें कांहीं त्या रात्रीं बिघडलें होतें. तरीही बाळ जन्मास आलें तेव्हां मातेनें त्याला बाळंत्यांत गुंडाळिलें, असें शुभवर्तमान सांगतें. तीं बाळंतीं आलीं कोठून? नाझरेथहून निघतांना त्यांची आठवण तिनें ठेविली असावी, अशी आमची समजूत आहे. निवारा नव्हता, पाहुणचार नव्हता. पण जें अत्यावश्यक तें गांठोड्यांत होतें. पूर्वतयारी म्हणजे सर्व कांहीं जमविणें नव्हे; जें चुकतां कामा नये तें आधीं ओळखून बांधून घेणें, ही खरी पूर्वतयारी होय.

असिसीच्या संत फ्रान्सिसचें उदाहरणही असेंच बोधप्रद आहे. इटलींतील ग्रेच्चो गांवीं सन १२२३ मध्यें त्यानें ख्रिस्तजन्माचा जो देखावा मांडला, त्याला २०२३ सालीं आठशें वर्षें झालीं. त्याचा चरित्रकार सेलानोचा थॉमस ह्यानें नमूद केलें आहे कीं, सणाच्या सुमारें पंधरा दिवस आधीं फ्रान्सिसनें जॉन नांवाच्या एका गृहस्थाला बोलावून तयारी करण्यास सांगितलें. आणि सामान तें किती? एक गव्हाण, थोडें वाळलेलें गवत, एक बैल आणि एक गाढव. सवड पंधरा दिवसांची आणि वस्तु चार! आपण मात्र सवड चार दिवसांची ठेवतों आणि वस्तु पंधरा मागतों.

ही सवड ख्रिस्तसभेनें आपल्या पंचांगांतच घालून दिली आहे. पांचव्या शतकांत तूर शहराचा बिशप पर्पेट्युअस ह्यानें ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यांतून तीन दिवस उपास करण्याची शिस्त लावून दिली होती. आजचा आगमनकाळ नाताळपूर्वींच्या चौथ्या रविवारीं, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर ह्यांच्या दरम्यान सुरू होतो. परंतु त्याची लांबी दर वर्षीं सारखी नसते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. नाताळ रविवारीं आला तर २८ दिवस मिळतात; सोमवारीं आला तर अवघे २२. सन २०२३ मध्यें तसेंच झालें. आगमनकाळाचा चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या दोन्ही २४ डिसेंबरलाच आलीं. सन २०२८ मध्यें पुन्हां तोच योग आहे. म्हणून नवें कॅलेंडर घरांत येतांच नाताळचा वार पाहून ठेवावा, अशी आमची पहिली सूचना आहे.

दुसरी सूचना पैशाविषयीं. नाताळ दर वर्षीं ठरलेल्या तारखेला येतो. तरी कित्येक घरीं तो अकस्मात कोसळल्यासारखा येतो! पूर्वीं लोक उसनवारीसाठीं शेजाऱ्याच्या दारीं जात, तेव्हां निदान संकोच तरी वाटे. आतां हातांतील फोनवर बोट टेकलें कीं हप्त्यानें वस्तु दारांत येते, आणि संकोच वाटावयास समोर कोणी नसतें. मग सणाचें ऋण उपवासकाळापर्यंत रेंगाळतें. ह्यावर उपाय जुनाच आहे. भिशींत म्हणा, डब्यांत म्हणा, जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत महिन्याला ५०० रुपये बाजूला पडले तर सणापूर्वीं ५५०० रुपये हातीं येतात. ज्याला ५०० झेपत नाहींत त्यानें १०० टाकावे. जितके जमतील तितक्यांतच सण करावा, आणि त्यांतून गरिबाचा वांटा प्रथम काढावा. उरलें तर देऊं म्हणणाऱ्याचें कधींच उरत नाहीं. शिवाय मैदा किती लागला, नारळ किती लागले, काय उरलें, काय फुकट गेलें, ह्याची नोंद सण सरतांच वहींत करून ठेवावी. पुढील वर्षीं ती वही शंभर सल्ल्यांच्या तोडीची ठरते.

तिसरी सूचना कामाच्या क्रमाविषयीं. रंगसफेदी पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरांतच उरकावी, आणि शिंप्याकडे कापडही तेव्हांच द्यावें. फराळाचा क्रम पदार्थाच्या टिकाऊपणावरून ठरवावा. ओलावा जितका कमी, तितका पदार्थ अधिक दिवस टिकतो, हा त्यांतील साधा नियम. केकमध्यें घालावयाच्या मनुका-बेदाण्यांना रममध्यें जितकें अधिक मुरूं द्यावें तितकी गोडी वाढते. तीं महिनाभर आधींच भिजत घालावीं. कुलकुल तळून, पुरते निववून हवाबंद डब्यांत भरले तर दोन आठवडे सहज राहतात. सुक्या सारणाच्या नेवऱ्या आठवडाभर आधीं कराव्या; ओल्या नारळाच्या मात्र आदल्याच दिवशीं. सिरक्यांतला विंदालू दुसऱ्या दिवशीं अधिक रुचकर लागतो, तेव्हां तो २३ तारखेसच शिजवावा. असें केलें म्हणजे २४ तारखेला चुलीपाशीं फारसें काम उरत नाहीं.

ह्या क्रमाचा धडा आपला गोठाच आपणांस देतो. गोठ्याभोवतीं हिरवळ दिसावी म्हणून कित्येक घरीं ताटलींत नाचणी किंवा गहूं पेरतात. तें बीं आठदहा दिवस आधीं पेरलें तरच नाताळला हिरवें दिसतें. २४ तारखेला पेरून २५ तारखेला अंकुर मागणाऱ्याला माती ऐकत नाहीं. जें त्या ताटलीचें, तेंच घराचें आणि तेंच मनाचें.

चौथी सूचना हातांविषयीं. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं सर्व कुटुंबानें एकत्र बसून कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामापुढें एक नांव लिहावें. आईचें नांव दोनदांहून अधिक आलें तर यादी पुन्हां करावी! पंखे पुसणें, डबे उतरविणें, बाजार करणें, भांडीं घासणें, ह्यांपैकीं एकही काम पुरुषाच्या प्रतिष्ठेला बाध आणीत नाहीं. पवित्र कुटुंबाचा कर्ता पुरुष तर स्वतः हातानें काम करणारा सुतार होता. कुलकुल हा पदार्थ जणू मुलांसाठींच निघाला आहे. कणकेची लहानशी गोळी फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून वळविली कीं झाला कुलकुल. एकटीनें केले तर कंबर मोडते. आजीपासून नातवापर्यंत सहाजण बसले तर गप्पांत परात भरते. आणि जें वांटूनही आटोपत नाहीं तें खुशाल गाळावें. सात पदार्थ आणि कुरबूर ह्यांपेक्षां तीन पदार्थ आणि हंसरें तोंड बरें. शेजारीण काय म्हणेल, ही भीति व्यर्थ आहे. शेजारणीलाही तीच भीति आपली वाटत असते.

कोणी विचारतील, इतक्या याद्या आणि तारखा आल्या म्हणजे सणाची गोडी ती काय राहिली? भक्ति उत्स्फूर्त असावी, तिला वेळापत्रक कशाला? आक्षेप वरवर योग्य वाटतो. परंतु ज्या घरीं कांहींच ठरविलेलें नसतें, तेथें शेवटच्या आठवड्यांत उत्स्फूर्त होतो तो बहुधा रागच. आधीं आंखणी करण्याचा हेतु कामें वाढविण्याचा नाहीं. शेवटचे दिवस मोकळे करण्याचा आहे. १६ डिसेंबरपासून नाताळची नोव्हेना करण्याची प्रथा आहे. १७ तारखेपासून उपासनेचाही रोख ख्रिस्तजन्माकडे अधिक स्पष्टपणें वळतो. त्या आठवड्यांत कुटुंबाला संध्याकाळची प्रार्थना निवांतपणें एकत्र करतां यावी, एवढ्यासाठींच हा खटाटोप. पापनिवेदनही त्यापूर्वींच करावें. शेवटच्या संध्याकाळच्या लांबलचक रांगेंत ना आपल्याला आत्मपरीक्षणाला वेळ मिळतो, ना धर्मगुरूंना दोन शब्द बोलावयास.

पांचवी सूचना अशी कीं, सारा नाताळ एका दिवसांत कोंबूं नये. ख्रिस्तसभेचा नाताळ २५ डिसेंबरला संपत नाहीं. त्या दिवशीं तो सुरू होतो. १ जानेवारीपर्यंत अष्टाह चालतो. त्यांत २६ तारखेला संत स्तेफन, २७ ला संत योहान, २८ ला निष्पाप बालकांचा स्मरणदिन येतो. आणि नाताळकाळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत असतो. असें असतां मामाकडे, आत्याकडे आणि व्याह्यांकडे एकाच दिवशीं धांवत जाण्याचें कारण काय? भेटी ह्या दिवसांत वांटून घेतल्या तर यजमानालाही उसंत मिळते आणि पाहुण्यालाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक वाडींत असें एक तरी घर असतें कीं, जेथें नाताळ आला म्हणजे मन अधिकच जड होतें. कोणाच्या घरीं ह्याच वर्षीं मृत्यु झालेला असतो आणि टेबलाभोवतीं एक खुर्ची रिकामी असते. कोणाचीं मुलें परदेशीं असतात, आणि म्हातारा-म्हातारी फोनची वाट पाहत बसतात. कोणी परिचारिका असते, कोणी पोलीस, कोणी गाडीचालक. त्या रात्रीं त्यांना सुटी नसते. अशांची आठवण आयत्या वेळीं होत नाहीं, कारण आयत्या वेळीं प्रत्येकजण आपल्याच घाईंत असतो. म्हणून आपल्या यादींत त्यांतल्या एका घराचें नांव पहिल्याच रविवारीं लिहावें. कोण जाणार, केव्हां जाणार, तेंही लिहावें. स्वतः मातृत्वाची वाट पाहत असतां पवित्र मरिया डोंगराळ मुलखांतील एलिजाबेथच्या घरीं गेली आणि सुमारें तीन महिने तिच्यापाशीं राहिली. म्हणजे पहिल्या नाताळची तयारी दुसऱ्याच्या घरींही झाली होती.

बंधुभगिनींनो, हा महोत्सव आपल्या वाडवडिलांच्या दूरदृष्टीचें फळ आहे. ज्यांनीं ह्या मंदिराचा पाया घातला, त्यांनीं आपल्यापुरतें पाहिलें नाहीं, पुढच्यांचें पाहिलें. तीच दृष्टि आपण आपल्या घरांत आणूं या. येत्या नाताळच्या रात्रीं ह्या मंदिरांतील प्रत्येक माता जागी असावी, तिचे हात रिकामे असावेत, आणि बाळ येशूकडे पाहण्याइतकें तिचें मन मोकळें असावें, एवढेंच मागणें प्रभुचरणीं करून आम्ही आपली रजा घेतों.