हाताआडचा उजेड



आमच्या घरी ओसरीवर एक छापील चित्र होते. साडी नेसलेली एक स्त्री, एका हातात दिवा, तो विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. काहींना ते राजा रविवर्मा यांचे वाटत असेल. ते आहे सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे, १९४५-४६ च्या सुमाराचे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनातले.

माझे वडील शाळेत चित्रकला शिकवीत. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना ते या चित्रासमोर उभे करीत आणि विचारीत, ‘‘पांढरा रंग कुठे लावलाय?’’ मुले ज्योतीकडे बोट दाखवीत. बाबा हसत. म्हणत, ‘‘जलरंगात उजेड लावायचा नसतो, राखायचा असतो. कागद जिथे पांढरा हवा, तिथे रंग जाऊ द्यायचा नाही.’’ तैलरंगात चुकले तर वरून पुन्हा हात देता येतो. इथे ती सोय फारशी नाही.

मी बारा वर्षांची असताना एका दिवाळीत बाबांनी मला तसेच उभे केले. आईने तिची साडी नेसवली, हातात दिवा दिला. अर्ध्या तासात हात भरून आले. बाहेर मैत्रिणी हाका मारीत होत्या. ‘‘बाबा, शेवटी ही नक्कलच ना?’’ असे म्हणून मी दिवा खाली ठेवला आणि पळाले. त्यांनी पुन्हा कधी बोलावले नाही. मीही विषय काढला नाही.

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी मी म्हैसूरला गेले. मूळ चित्रापुढे किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘ही हळदणकरांची मुलगी बरं का, गीता.’’ या गीताताई उपळेकर पुढे कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ साली, १०२ व्या वर्षी निवर्तल्या.

मुलगी! बाबांना हे नक्की ठाऊक असणार. मी आयुष्यभर समजत होते, त्यांना एका मोठ्या चित्राची नक्कल करायची होती. त्यांना त्यांच्या मुलीचे चित्र काढायचे होते.

घरी आल्यावर त्यांचे जुने कागद काढले. चित्र सापडले. चेहरा पूर्ण होता, माझाच. आडोशाच्या हाताच्या जागी नुसत्या पेन्सिलच्या रेघा आणि कोरा कागद. फ्रेमवाल्याने विचारले, ‘‘अर्धवटच आहे, चालेल?’’ म्हटले, चालेल.

आता नात विचारते, ‘‘आजी, हात का नाही रंगवला?’’

‘‘मी पळाले म्हणून,’’ मी सांगते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)