न दिसण्याची विद्या



सन २००३ च्या सुमारास तोक्यो विद्यापीठातील प्राध्यापक सुसुमु ताची आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग करून दाखविला, आणि त्याचे छायाचित्र पुढे जगभरच्या वृत्तपत्रांतून झळकले. करड्या रंगाचा, टोपीचा झगा घातलेला एक मनुष्य रस्त्यात उभा आहे, आणि त्याच्या पाठीमागून जाणारे पादचारी व वाहने त्याच्या छातीतून आरपार दिसत आहेत, असे ते दृश्य होते. डोळ्यांत अंजन घालून गुप्त होणाऱ्या सिद्धांच्या कथा ज्यांनी लहानपणी ऐकल्या, त्यांना या झग्यात त्या अंजनाचाच अवतार दिसला असल्यास नवल नाही. परंतु त्या झग्याचा सारा कारभार नीट तपासून पाहिला म्हणजे लक्षात येते की त्यातला चमत्कार झग्यात जेवढा आहे त्याहून कितीतरी अधिक तो पाहणाऱ्याला कोठे उभे केले आहे यात आहे; आणि आजच्या व्याख्यानात मला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे.

मनुष्याच्या पाठीमागे एक कॅमेरा ठेवलेला असतो. त्याने टिपलेले दृश्य संगणकाकडे जाते, तेथे ते पाहणाऱ्याच्या दृष्टिकोनानुसार दुरुस्त होते, आणि समोरच्या प्रक्षेपकातून झग्यावर पडते. आता सामान्य कापडावर असे चित्र टाकले तर ते चहूकडे विखुरते आणि दिवसाच्या उजेडात फिक्कट पडून नाहीसे होते. म्हणून त्या झग्यावर काचेचे असंख्य सूक्ष्म मणी बसविलेले असतात, आणि त्या मण्यांचा धर्म असा की प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने ते त्याला माघारी धाडतात. हे मणी आपल्याला परके नाहीत. शहादे-तळोद्याकडून साखर कारखान्याच्या वाटेने रात्री उसाची ट्रॉली निघते, तिच्या मागे तांबडी चकाकणारी पट्टी लावलेली असते, आणि ट्रकचा दिवा तिच्यावर पडताच ती चालकाच्या डोळ्यांत भरते. चालकाचे डोळे आणि त्याचे दिवे एकमेकांच्या जवळ असतात म्हणून ती त्याला लख्ख दिसते. त्याच क्षणी बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मात्र तीत विशेष काही आढळत नाही. या पट्टीच्या बनावटीत काचेचे मणी असोत वा बारीक लोलक, तत्त्व एकच. तोक्योच्या प्रयोगात प्रक्षेपक आणि पाहणाऱ्याचा डोळा एकाच रेषेवर यावेत म्हणून अर्धपारदर्शक आरसा मध्ये तिरपा बसवावा लागतो आणि त्यातूनच पाहावे लागते. जो बाजूला उभा राहून पाहील त्याला करडा झगा घातलेला एक गृहस्थ दिसेल, दुसरे काही नाही. म्हणजे ज्या तत्त्वाने आमच्या गाडीवानाचा जीव दिसण्यामुळे वाचतो, त्याच तत्त्वाने तोक्योत मनुष्य दिसेनासा होतो, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तेव्हा कोणतीही वस्तू निखालस अदृश्य नसते. ती अमुक एका ठिकाणाहून, अमुक एका डोळ्याला, अमुक एका प्रकाशात अदृश्य असते. आपल्या दुर्गकारांना हे पक्के ठाऊक होते. रायगडाचा महादरवाजा दोन वळणदार बुरुजांच्या आड अशा खुबीने बसविला आहे की चढून येणाऱ्याला तटाशी अगदी लगट केल्यावाचून दार कोठे आहे याचा थांग लागत नाही. मात्र दार एकदा दिसले की तो दोन्ही बुरुजांवरील पहारेकऱ्यांच्या माऱ्यात पुरता सापडलेला असतो. या गोमुखी रचनेत रंग नाही, यंत्र नाही. शत्रू कोठून येणार याचा केवळ बिनचूक हिशेब आहे.

पाश्चात्त्य सैन्यांनी हा हिशेब फार उशिरा मांडला. तांबडे डगले घालून रणांगणावर रांगेत उभे राहणारी इंग्रजी पलटण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेशावरच्या बाजूस धुळीच्या रंगाचे कपडे वापरू लागली, तीही लम्सडेन या अधिकाऱ्याच्या ‘गाइड्स’ तुकडीपासून. आणि पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने १९१५ साली चित्रकारांचे एक स्वतंत्र पथकच लपविण्याच्या कामासाठी उभारले. दुसऱ्या महायुद्धातील एक प्रयोग मला सर्वांत उद्बोधक वाटतो. पाणबुडीचा वेध घेणारे विमान कितीही पांढरे रंगविले तरी उजळ आकाशावर ते काळा ठिपका होऊन दिसते. यास्तव अमेरिकन आरमाराने विमानाच्या पुढल्या कडेला दिवे बसविले आणि त्यांचा उजेड आकाशाच्या उजेडाशी जुळविला. बारा मैलांवरून दिसणारे विमान त्यामुळे दोन मैलांवर येईतो दिसेना. लपण्यासाठी दिवे लावावेत, ही कल्पना कोणा शिपायाला सुचली असती असे मला वाटत नाही! परंतु तोवर रडार आले होते, आणि रडारला दिव्यांशी काय कर्तव्य?

येथून पुढची हकीकत अशीच आहे. डोळ्याला फसवावे तर उष्णता पाहणारे यंत्र येते. त्याला फसविण्यासाठी स्वीडनमध्ये २०११ साली रणगाड्यावर षट्कोनी फरशा बसविण्यात आल्या, ज्या विजेच्या योगे क्षणार्धात थंड किंवा गरम होतात आणि उष्णतेच्या चित्रात रणगाड्याला मोटारीचे रूप देतात. रडारला चकविण्यासाठी आपल्या कानपूरच्या आय.आय.टी.ने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘अनालक्ष्य’ नावाचे आच्छादन जाहीर केले. प्रकाशाला वस्तूभोवती वळसा घालावयास लावणाऱ्या कृत्रिम द्रव्याचा प्रयोग अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात २००६ साली झाला, तोही तांब्याच्या एका लहानशा नळकांड्यावर आणि सूक्ष्मलहरींपुरता; दृश्य प्रकाशाच्या लहरी त्याहून हजारो पटींनी आखूड असल्याने द्रव्याची वीणही तितकीच बारीक हवी, आणि सर्व रंगांना एकदम वळविणे तर फारच दुर्घट. शिवाय एक अडचण मूळ कल्पनेतच आहे: ज्या आवरणात बाहेरचा प्रकाश शिरतच नाही, त्याच्या आत बसलेल्यालाही बाहेरचे काही दिसावयाचे नाही. असा आंधळा शिपाई कोणत्या सेनापतीला हवा असेल?

आपल्या खानदेशचा इतिहास पाहिला तर कंपनी सरकारलाही न दिसणाऱ्या शत्रूशी गाठ पडली होती. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला, परंतु सातपुड्याच्या दऱ्यांतील भिल्लांचा बंदोबस्त पलटणी धाडून होईना. अखेर १८२५ साली जेम्स औट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारली. ज्यांना रान दिसत होते त्यांचे डोळे सरकारने पगारावर घेतले, असा या तजविजीचा अर्थ.

पण आपल्या नंदुरबार जिल्ह्यात अदृश्यतेचा जो सर्वांत विलक्षण दाखला घडला तो रानपिंगळा या लहानशा घुबडाचा. सागाच्या वाळल्या पाचोळ्यावर बसलेला रातवा पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. रानपिंगळा तसा नाही. तो दिवसाही उघड्या फांदीवर बसतो, आणि गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर असतात तसे ठळक पांढरे ठिपके त्याच्या डोक्यावर नसतात, एवढाच फरक ध्यानी ठेवणाऱ्याला तो ओळखता येतो. तरीही जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८४ मध्ये मिळविलेल्या नमुन्यानंतर ११३ वर्षे शास्त्राला तो दिसला नाही. त्याला लपविले ते पिसांनी नव्हे, दप्तराने. कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन या पक्षिसंग्राहकाने डेव्हिडसनचाच एक नमुना चोरून, पुन्हा पेंढा भरून, त्यावर ‘मांडवी, गुजरात, १९१४’ अशी खोटी चिठ्ठी लावली. हाच गृहस्थ १९१७ साली पॅलेस्टाइनच्या मोहिमेत खोट्या कागदांची पिशवी तुर्कांच्या हाती पडेल अशी टाकल्याबद्दल प्रसिद्धी पावला होता. त्या युक्तीचे श्रेय खरोखर त्याचे किती, याबद्दल इतिहासकार आता शंका घेतात, पण पक्ष्याच्या बाबतीतली लबाडी पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी नमुन्याची कसून छाननी करून सिद्ध केली. मांडवीची खोटी नोंद बाजूला सारून जुन्या अस्सल नमुन्यांच्या मुलखात शोध केला तेव्हा १९९७ च्या नोव्हेंबरात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, रासमुसेनबाई आणि त्यांचे सोबती यांना पक्षी झाडावर बसलेला मिळाला. आपला जिल्हा तेव्हा धुळ्यातून वेगळाही झाला नव्हता. पाहणाऱ्याला चुकीच्या जागी उभे केले की वस्तूला झगा घालावा लागत नाही, याचे याहून सबळ उदाहरण मला माहीत नाही. आणि ज्यांच्या रानात तो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या बसत आला त्यांना कोणी विचारले असते तर काय उत्तर मिळाले असते, हा प्रश्न मी आपल्यावर सोपवितो.

आता या विद्येचे नित्याच्या व्यवहारातील उपयोग. येथे माणसाला लपविण्याचे प्रयोजनच नाही. दृष्टीच्या आड येणारी वस्तू बाजूस सारावयाची आहे. ताची यांनी स्वतः सुचविलेले उपयोग याच जातीचे आहेत: उतरणाऱ्या विमानाच्या चालकाला पायांखालची जमीन दिसावी, शस्त्रक्रिया करणाऱ्याला आपल्याच बोटांआडचा भाग दिसावा. जपानमध्ये २०१२ साली मोटारीचे मागले आसन चालकाला पारदर्शक दिसेल अशी व्यवस्था करून दाखविण्यात आली. पाहणारा एकच, त्याचे स्थान ठरलेले. म्हणजे युद्धभूमीवर जो दोष ठरतो तोच मोटारीत गुण ठरतो, कारण शत्रू आपल्या सोयीने उभा राहत नाही, चालक मात्र आपल्या बैठकीवरून हलत नाही.

तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीच्या घाटात बसचा चालक वळण घेतो तेव्हा काचेच्या कडेचा खांब समोरून येणाऱ्या मोटारसायकलला काही क्षण पुरते झाकून टाकतो. तो खांब आरपार दिसू लागला तर? खांबाबाहेर एक कॅमेरा आणि आत चित्र, एवढ्याने भागत नाही. चालकाचे डोके वीतभर सरकले तरी खांबाआडचे दृश्य बदलते, म्हणून त्याच्या डोळ्यांवरही एक कॅमेरा रोखून चित्र क्षणोक्षणी सरकवावे लागते, आणि ते विलंबाने सरकले तर मोटारसायकल आहे तेथे न दिसता होती तेथे दिसते. घाटाच्या वळणावर अर्ध्या सेकंदाचा असा विलंब म्हणजे, गाडी ताशी छत्तीस किलोमीटर वेगाने येत असेल तर, पाच मीटर अंतर होते. शिवाय भिंगावर पावसाळ्यातला चिखल बसला की सगळे यंत्र निकामी. म्हणून हे सारे जमेपर्यंत त्या वळणावरचा बहिर्गोल आरसा पुसून ठेवण्याची तजवीज बांधकाम खात्याने अवश्य करावी.