माळ्यावरची टाकी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. सातवीपर्यंत शिकले आणि संसाराला लागले. मंडळात आजवर माझे काम सतरंज्या घालायचे आणि कार्यक्रम संपला की कपबशा मोजून ठेवायचे. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही बोला, अनुभवाचे काही सांगा." घरी गेले, मोरीत पाय धुताना वर नजर गेली, आणि म्हटले, या टाकीविषयीच बोलावे. हसू नका. या टाकीने मला जे शिकवले ते शाळेत कोणी शिकवले नव्हते.

आपल्या मुंबईच्या जुन्या चाळींत नळाला पाणी पहाटे येते आणि डबे भरून होईतो जाते. म्हणून मोरीवर माळा आणि माळ्यावर टाकी. माझी दोनशे लिटरची आहे. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. तेव्हा दोन क्विंटल गव्हाची पोती डोक्यावर ठेवून आपण खाली आंघोळी करतो म्हणा ना! गव्हाला आपण वर्षातून एकदा ऊन दाखवतो, निवडतो, पाखडतो. टाकीत मात्र कोणी डोकावत नाही. नळाला धार आहे ना, मग झाले.

2019 सालच्या मे महिन्यात माझ्या टाकीचा फ्लोट बिघडला. नळवाल्याने नवा बसवला, पण त्याची नळी जरा उंच आली आणि झाकण बसेना. तो म्हणाला, "ताई, झाकणाला खाच पाडून घ्या." खाच पाडणाऱ्याने दोनशे रुपये सांगितले. मी म्हटले, चार बोटांची तर फट! उंदीर काही आत जात नाही. जुन्या धोतराचे फडके वर टाकले आणि दोनशे रुपये वाचवले म्हणून मनातल्या मनात खूश झाले.

ऑगस्टमध्ये माझी धाकटी तापाने फणफणली. अकरा वर्षांची पोर, डोळ्यांच्या मागे दुखते म्हणून रडायची. डॉक्टरांनी रक्त तपासले, डेंग्यू निघाला. सात दिवस इस्पितळात होतो. रोज रक्त काढायचे, आणि आकडा वर गेला की खाली आला हे कागद हाती येण्याआधी नर्सबाईंच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. त्या सात दिवसांचे मी अधिक सांगत नाही. ज्या आया आहेत त्यांना ते कळेल.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जाते. आमच्या शेजारच्या वहिनींना झाडांची हौस. गॅलरीत कुंड्या, कुंड्यांखाली थाळ्या. तिसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले तेव्हा चारचौघींदेखत त्यांना म्हणाले, "तुमच्या हौसेपायी माझी पोर आडवी पडली आहे!" वहिनी एक अक्षर बोलल्या नाहीत. थाळ्या तेवढ्या उचलून आत नेल्या.

दुसऱ्या दिवशी पालिकेची माणसे डासांच्या जागा शोधायला आली. वहिनींच्या थाळ्या त्यांनी पाहिल्या. कोरड्या ठणठणीत! त्या रोज सकाळी पुसत असत, हे मला ठाऊकच नव्हते. मग एक जण शिडी लावून माझ्या माळ्यावर चढला. पांढऱ्या वाटीत टाकीतले पाणी घेऊन खाली आला आणि विजेरी धरून म्हणाला, "ताई, बघा." जिऱ्याहून बारीक अळ्या पाण्यात उलट्या लटकत होत्या. वाटी हलली की वळवळत खाली जात.

माझ्या मुलीला चावलेला डास त्याच टाकीतला होता की नाही, हे देवाला ठाऊक. पण मी जिला बोलले तिच्या थाळ्या कोरड्या होत्या आणि माझ्या डोक्यावर डासांचे बाळंतघर होते, एवढे खरे.

त्या माणसांबरोबर आरोग्य खात्याच्या एक बाई होत्या. त्यांनी मला जे समजावले ते मी तुमच्यासाठी जपून ठेवले आहे. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, आपण साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. शहरातल्या मलेरियाचा डाससुद्धा टाक्या-विहिरींतच वाढतो. 1911 साली मुंबईत मलेरियाची चौकशी झाली, तेव्हाही हेच दिसून आले, आणि पुढे पालिकेने शहरातल्या कितीतरी विहिरी झाकायला लावल्या. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर, टाकीच्या अंगाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. म्हणून नुसते पाणी सोडून देऊन भागत नाही, टाकी घासावी लागते.

आता मी काय करते ते सांगते. झाकणाला खाच पाडून घेतली. नळीभोवती राहिलेली फट रबराच्या पट्टीने बुजवली. जास्तीचे पाणी जाणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधली, कारण डासाला तोही दरवाजाच. फडक्यावर विश्वास ठेवू नये. त्याला झोळ पडतो आणि झोळात पाणी साचते. झाकण नीट बसले आहे ना, हे दर शनिवारी विजेरीने पाहते. महिन्यातून एकदा टाकी रिकामी करते आणि काथ्याच्या ब्रशाने अंग घासते, पाण्याच्या रेघेपाशी अधिक. तळाचा गाळ फडक्याने टिपून घेते. ज्यांच्या टाकीला अजून फट आहे त्यांनी मात्र दर आठवड्याला रिकामी करून घासावी.

ब्लीचिंग पावडरचे माप हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे माझ्या टाकीला अर्धा ग्रॅम, जेमतेम चिमूट. ती बादलीत कालवावी, निवळू द्यावी, वरचे पाणी टाकीत ओतावे आणि अर्धा तास नळ सोडू नये. मोरी धुण्याच्या अ‍ॅसिडाजवळ ती कधी नेऊ नये, त्यातून विषारी वाफ निघते. आणि शिडीवर एकटीने चढू नका. खाली धरायला कोणी हवे.

त्यावरूनच एक सूचना करते. आपल्यातल्या कितीजणींचे गुडघे आता माळ्यावर चढू देत नाहीत. तेव्हा मंडळातल्या दोघी-दोघींनी जोडी करावी आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकमेकींची टाकी पाहावी. एकीने चढावे, एकीने शिडी धरावी. वर्गणी नको, ठराव नको, एक विजेरी पुरे.

माझी मुलगी बरी झाली. आता तीच माझी शिडी धरते. इस्पितळात असताना रोज दुपारी आमच्यासाठी एक डबा यायचा, मऊ भात आणि मुगाचे वरण. तो वहिनींच्या घरचा होता. माझे बोलणे ऐकून घेतल्यावरही एक दिवस चुकला नाही. पुढे आम्ही बोलू लागलो, हळदीकुंकवाला गेलो-आलो, पण ती गोष्ट दोघींनीही काढली नाही. मी त्यांना बोलले चारचौघींदेखत, तेव्हा माफीही चौघींदेखतच मागायला हवी होती. एवढी वर्षे मला धीर झाला नाही.

वहिनी आज समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, माझे चुकले. दुसरीच्या गॅलरीत बोट दाखवण्याआधी मी माझ्या माळ्यावर चढायला हवे होते. पहिल्या शनिवारी माझ्या जोडीला तुम्ही याल का?

एवढे बोलून मी खाली बसते.