इंग्रजी मथळा वाचताना

(दिल्लीत मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



आपण जमलो आहोत तो कस्तुरबा गांधी मार्ग, म्हणजे जुना कर्झन रोड. याच रस्त्यावर हिंदुस्तान टाइम्सची इमारत आहे. इंग्रजी पत्रांत आपल्याविषयी जे छापले जाते, त्यातला बहुधा मथळाच तेवढा आपल्या शाखांपर्यंत पोहोचतो. खालची बातमी वाचायला ड्युटीवर सवड कुणाला? म्हणून मथळ्याची भाषा आपण समजून घेतलीच पाहिजे.

ही भाषा शाळेतल्या इंग्रजीसारखी नाही. मथळा सहसा बातमीदार देत नाही, उपसंपादक देतो, आणि त्याला स्तंभाची रुंदी सांभाळायची असते. म्हणून तो सहायक क्रियापदे गाळतो, आखूड शब्द धरतो. मंजुरीला ‘नॉड’, वादाला ‘रो’, आंदोलनाला ‘स्टर’, नोकऱ्यांवर कुऱ्हाड आली की ‘अ‍ॅक्स’. काल घडलेले तो वर्तमानकाळात लिहितो. ‘युनियन रिजेक्ट्स ऑफर’ म्हणजे देकार फेटाळून झाला आहे. उलट ‘टु’ दिसला की गोष्ट अजून व्हायची आहे. ‘सेंटर टु हाइक डीए’ म्हणजे महागाई भत्ता वाढवणार, वाढवला नव्हे. ‘मल्स’ असेल तर नुसता विचार चालू आहे. अशा मथळ्याच्या भरवशावर कुणी उसनवारी करू नये!

‘हेल्ड’ हा शब्दही फसवा आहे. नेत्याच्या नावापुढे तो आला तर सभा झाली असे नव्हे, त्याला अटक झाली. १९७४ चा रेल्वे संप ८ मे रोजी सुरू झाला; जॉर्ज फर्नांडिस यांना त्याआधीच, २ मे रोजी, पकडले होते.

आता सातव्या वेतन आयोगाचे पाहा. अहवाल सादर झाला १९ नोव्हेंबर २०१५ ला, मंत्रिमंडळाची मंजुरी आली २९ जून २०१६ ला. ‘पॅनेल’ काही सुचवते ती शिफारस. ‘कॅबिनेट नॉड’ हा निर्णय. दोहोंमध्ये सात महिने गेले. किमान वेतन ठरले १८,००० रुपये. संघटनांची मागणी २६,००० ची होती. ११ जुलै २०१६ पासून संप करायचे ठरले होते. मंत्र्यांशी बोलणी होऊन, समितीचे आश्वासन मिळाल्यावर, तो पुढे ढकलला गेला.

‘पुढे ढकलला’ याला इंग्रजीत ‘डिफर्ड’. ‘कॉल्ड ऑफ’ म्हणजे मागे घेतला, संपला; १९७४ चा संप २७ मे रोजी तसा संपला. दोन्ही मथळे एकाच जागेत मावतात, पण अर्थ दोन टोकांचे. ‘डिफर्ड’ वाचून शाखेच्या फलकावर ‘संप मागे’ असे कुणी खडूने लिहिले, तर रात्रपाळीहून उतरलेला पॉइंट्समन मागण्या निकालात निघाल्या असेच समजून घरी जाईल, आणि पुढच्या द्वारसभेला यायचा नाही.