यंत्राला हुकूम कोणी करावा?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या व्याख्यानमालेत संगणकावर बोलावयास एखाद्या विद्वानाला बोलवावयाचे. तुम्ही बोलावलेत एका कामगार कार्यकर्त्याला. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्यात आणि वाचनालयात झाले. म्हणून अनुभवाचेच सांगतो.

१९८९ साली मी चिंचवडला नुकताच कामाला लागलो होतो. एका सहकाऱ्याच्या घरी स्पेक्ट्रम प्लस नावाचा छोटा संगणक होता. विलायतेतील सिंक्लेअरचे हे यंत्र डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ साली परवान्याने आपल्या देशात आणले. ते टेलिव्हिजनला जोडावयाचे, वीज द्यावयाची, की ते तुमच्या हुकमाची वाट पाहत बसे. बेसिक ही भाषा त्याच्या पोटातच होती. तिचे शब्द कळांवरच छापलेले. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी ती १९६४ साली रचली, तीच मुळी शास्त्र न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही यावी म्हणून. मलाही ती आली.

त्या वेळच्या कारखाना कायद्याच्या ५९ व्या कलमाप्रमाणे जादा कामाला दुप्पट दर होता, आणि तोही भत्ते धरून. मी आठ ओळींचा प्रोग्राम लिहून आमच्या खात्याची पगारपत्रके ताडून पाहिली. दुप्पट केला होता तो नुसता मूळ पगार. महागाई भत्ता वगळलेला! साहेब म्हणाले, "हिशेब संगणकाने केला आहे, तो चुकत नाही." मी म्हटले, "साहेब, संगणक नाही चुकला. त्याला हुकूम करणारा चुकला." तीन महिन्यांनी फरक मिळाला.

पुढे ही भाषा घरातून हळूहळू गेली. १९९१ च्या डॉस ५ बरोबर क्यूबेसिक येत असे. विंडोज ९५ आले तेव्हा ती सीडीच्या एका कोपऱ्यात गेली, आणि मागाहून तेथूनही नाहीशी झाली. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटीने लाखो मुलामुलींना संगणकापुढे बसविले, हे मोठेच काम. पण भर राहिला तो तयार प्रोग्राम वापरण्यावर.

कोणी म्हणेल, पायथॉन फुकट मिळते, लहान मुलांसाठी स्क्रॅच आहे. खरे आहे. परंतु ती शोधून आणावी लागतात. जे आहे हेच ठाऊक नाही, ते शोधणार कोण?

घरोघर जेवण पोचविणारा एक मुलगा मला विचारीत होता, "काका, अंतर तेवढेच, मग आज पैसे कमी का?" फोन उत्तर देत नाही. पायथॉन शिकून त्याला मालकाचे सूत्र दिसणार नाही, हे मी जाणतो. पण ते सूत्र आहे, ते माणसाने लिहिले आहे, आणि म्हणून त्याबद्दल जाब विचारता येतो, एवढे त्याला कळेल. आमच्या चळवळीची सुरुवात नेहमी एवढ्यावरूनच झाली आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रात्रशाळेत आणि वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी, मराठीतून, प्रोग्राम लिहावयास शिकवा. पहिला धडा असावा स्वत:चा पगार तपासण्याचा. शिकवावयाला माणूस मिळत नसेल, तर मी येईन.