मंडेला इन की ऑन?

परवा भाची शाळेतून रडवेली होऊन आली. 'इन मंडे' म्हणाली म्हणून सगळा वर्ग हसला. तिचं तरी काय चुकलं? आपण सोमवारी, सकाळी, रात्री म्हणतो, शेपूट एकच. इंग्रजीत तीन: ऑन मंडे, इन द मॉर्निंग, ॲट नाइट.

मग अंगणात खडूने तीन गोल काढले. मोठ्यात वर्षं, महिने, सकाळ-संध्याकाळ: इन. मधल्यात वार, तारखा: ऑन. इवल्याशा गोलात घड्याळाची वेळ: ॲट. मी ओरडायचं 'जून!', तिने उडी मारायची.

'मंडे मॉर्निंग'ला ती अडली. तिथे वार जिंकतो, म्हणून ऑन. 'नाइट'वर तर भांडलीच. "मामा, एवढी मोठी रात्र इवल्या गोलात कशी मावेल?" खरंय, पण उडी तिथेच मारायची!